वरखर्चाचे सात दिवस

महिन्याला येणारा पैसा महिन्यानेच मोजला की विसाव्या तारखेनंतरचे दिवस अंगावर येतात. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींना हे फार लवकर कळते. एक-दोन तारखेला घरून पैसे येतात, खोलीचे आणि मेसचे चुकते होतात, आणि जे उरते ते पहिल्या आठवड्यात चांगले भरघोस वाटते. शेवटच्या आठवड्यात त्यातले चहापुरतेही राहत नाही. पैसा थोडा असतो हे खरेच, पण तीस दिवस एका नजरेत मावत नाहीत हेही तितकेच खरे. सात दिवस मावतात. सोमवारी काय खाल्ले आणि शनिवारी काय लागणार, हे वही न उघडताही सांगता येते.

आठवड्याने मोजायचा तो सगळा पैसा नव्हे. भाडे, मेस, अभ्यासिकेची फी या रकमा ठरलेल्या असतात, त्यात दर आठवड्याला ठरवण्यासारखे काही नसते. त्याबाहेर जे उरते त्याला मराठीत ‘वरखर्च’ असा नेमका शब्द आहे: सकाळचा नाश्ता, चहा, साबण, झेरॉक्स, केस कापणे, मित्राचा वाढदिवस. या यादीत वरचे खाणे आणि इतर किरकोळ खर्च एकाच खिशातून जातात, आणि खरी अडचण तिथेच आहे. पैसे कमी पडले की घरमालक थांबत नाही, अभ्यासिका थांबत नाही, फॉर्म भरायची मुदत थांबत नाही. पोट तेवढे थांबते. नाश्ता सुटतो, मग मेस एकवेळची होते. ही कात्री पोटाला लागू नये, एवढ्यासाठी आठवड्याचा हिशेब मांडायचा.

आठवड्याने पोटाची तजवीज करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी पूर्वी ‘वार लावून’ जेवत असे. सात वारांना सात घरे ठरलेली. एखादा वार लागला नाही, तर त्या दिवशी माधुकरी मागायची किंवा उपाशी राहायचे. ही सोय जातीच्या चौकटीतली होती, बाकीच्या मुलांना ती दारे बंद होती. त्यांच्यासाठी वसतिगृहे निघावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ पासून ती निघाली, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले, आणि पुण्यात १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली. मुंबईत मात्र हिशेब महिन्याचा होता: गिरणगावातल्या एकट्या कामगारांचे पोट खानावळवाल्या बायांनी सांभाळले. कामगार महिनाभर जेवायचा आणि पगाराला पैसे द्यायचा. मधल्या काळात धान्य-मसाल्याची उधारी बाईच्या डोक्यावर असायची. याच बायांना बँकेचे कर्ज मिळावे आणि सावकाराचे व्याज सुटावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तिथे कष्टकऱ्यांना परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळू लागले. गावाकडे तर आठवड्याशिवाय दुसरे मापच नाही. मजुरी बऱ्याचदा आठवडी बाजाराच्या दिवशी हातात पडते, आणि त्याच दिवशी तेल, मीठ, मिरची, भाजी आणि पोरांचा खाऊ घरी येतो. पुढच्या बाजारापर्यंत ते पुरवायचे असते. पुण्यात आलेल्या पुष्कळ मुलांच्या आया हाच हिशेब वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. मुलाच्या हातात मात्र पहिल्यांदाच महिन्याचा पैसा एकदम येतो.

आता प्रत्यक्ष आकडा. उदाहरणादाखल घरून ९,५०० रुपये येतात असे धरू. त्यात खोलीचे ३,०००, दोन वेळच्या मेसचे ३,०००, अभ्यासिकेचे ९०० आणि मोबाइलचे ३०० गेले. परीक्षेचे अर्ज आणि परीक्षा केंद्रावर जाण्या-येण्याचा प्रवास दर महिन्याला येत नाही, पण येतो तेव्हा एकदम येतो. त्यासाठी ५०० बाजूला. उरले १,८००. इथे बहुतेकजण चाराने भागतात आणि आठवड्याला ४५० असे ठरवतात. महिना मात्र चार आठवड्यांचा नसतो, वर दोन-तीन दिवस असतात. चाराने भागले की अठ्ठावीस तारखेला खिसा रिकामा, आणि ते दोन-तीन दिवस दर महिन्याला उसनवारीवर निघतात. भागायचे ते तिसाने: १,८०० भागिले ३० म्हणजे दिवसाला ६०, आणि आठवड्याला ४२०. चार आठवड्यांचे १,६८० होतात, शेवटच्या दोन दिवसांसाठी १२० राहतात. तीस रुपयांचाच फरक, पण महिनाअखेरची उसनवारी त्यातूनच येते.

असाच खड्डा मोबाइलच्या रिचार्जमध्ये असतो. पुष्कळ पॅक २८ दिवसांचे असतात. वर्षाचे ३६५ दिवस २८ ने भागले की तेरा येतात, म्हणजे वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. महिन्याने मोजणाऱ्याला हा तेरावा रिचार्ज कुठून आला ते कळत नाही. आठवड्याने मोजणाऱ्याला २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, त्याच्या वहीत रिचार्ज दर चौथ्या रविवारी आपोआप येतो.

आठवडा कोणत्या वारी सुरू करायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मेसवर राहणाऱ्यांसाठी त्याचे उत्तर ठरलेले आहे: रविवारी संध्याकाळी. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडाधोडाचे किंवा चिकनचे जेवण देतात आणि संध्याकाळी बंद असतात. त्या एका जेवणाची सोय प्रत्येकाला स्वतःची करावी लागते. आठवडा सोमवारी सुरू केला तर हे जेवण शेवटी येते, आणि तोवर हातात काही उरलेले नसते. मग दुपारीच दोन घास जास्त खाऊन रात्र बिस्किटाच्या पुड्यावर काढली जाते. रविवारी संध्याकाळी आठवडा सुरू केला की नव्या पैशांतला पहिला खर्च जेवणाचा होतो. अंडाभुर्जी-पाव, भातपिठले किंवा साधी राइस प्लेट, साधारण ७० रुपये धरावेत.

बाकीचे ३५० असे बसतात. टपरीवरचा चहा दहा रुपयांना धरला, तर दिवसाला दोन म्हणजे आठवड्याचे १४०. चहा बंद करा असा सल्ला देणे सोपे आहे, पण अभ्यासिकेत दहा-बारा तास बसणाऱ्यांना माणसांत मिसळायला चहाची टपरी ही एवढीच जागा असते. तिथेच जाहिरात आल्याचे कळते, उत्तरतालिकेवर वाद होतात, घरची आठवण निघते. दोन चहा ठेवावेतच. तिसरा मात्र मोजून पाहावा: रोजचा एक जादा चहा म्हणजे आठवड्याला ७० रुपये, म्हणजे रविवार रात्रीचे पूर्ण जेवण.

नाश्त्याला १३० पुरतात, पण ते विचार करून खर्चले तर. ९० रुपये किलोच्या भावाने अर्धा किलो हरभरे ४५ ला, १४० रुपये किलोचे शेंगदाणे पाव किलो ३५ ला, आणि ५० रुपयांची एक डझन केळी. भाव पेठेगणिक आणि हंगामागणिक हलतात, प्रमाण फारसे हलत नाही. रात्री मूठभर हरभरे भिजत घालायचे, सकाळी उकडून वर मीठ, कांदा आणि लिंबू. सोबत मूठभर शेंगदाणे आणि एक केळे. १०० ग्रॅम हरभऱ्यात साधारण १९ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात २३-२४, एका अंड्यात सुमारे ६. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ५० ग्रॅम. वर सांगितलेले हरभरे आणि शेंगदाणे सात दिवसांत वाटून घेतले की रोज २० ग्रॅमच्या वर होतात. गरजेचा दोन पंचमांशाहून अधिक भाग तिथेच भागला.

हे एवढे तपशिलात सांगायचे कारण मेसच्या ताटात आहे. पोळी आणि भात पोटभर मिळतो; वरण पातळ असते, उसळ आठवड्यातून दोनदा, दही कधीमधी. पोट भरते, म्हणून ताटातली कमतरता जाणवत नाही, आणि ती भरून काढण्याची संधी फक्त सकाळच्या नाश्त्यात असते. तिथे रोज २५ रुपयांचे पोहे किंवा वडापाव खाल्ला, तर आठवड्याला १७५ रुपये जातात आणि मिळते तेच, जे मेसमध्ये आधीच भरपूर आहे: पिष्टमय पदार्थ आणि तेल. वडापाव कधीतरी खावा, मित्रांबरोबर खावा. त्याला रोजचा नाश्ता करणे मात्र महाग पडते, पैशानेही आणि प्रकृतीनेही. वीस रुपयांच्या थंड पेयात तर साखरेशिवाय काही नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसभराच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध सांगितले आहे. ४२० रुपयांच्या आठवड्यात हे सगळे बसत नाही, आणि बसते असे सांगणे खोटेपणाचे होईल. डाळींचा हिस्सा आणि रोजची एक-दोन केळी तेवढी बसतात.

रविवारचे ७०, चहाचे १४० आणि नाश्त्याचे १३० मिळून ३४० झाले. राहिले ८०. त्यात साबण, कपड्यांची पावडर, झेरॉक्स, एखादा रिक्षाचा वाटा. एवढ्याशा रकमेत सगळे एकाच आठवड्यात येऊ शकत नाही, म्हणून वस्तू आठवड्यांत वाटून घ्याव्या लागतात. एका आठवड्यात साबण आणि पावडर, दुसऱ्यात केस कापणे, तिसऱ्यात वह्या-पेन. बाजारहाट करणाऱ्या बायका हेच करतात. या बाजाराला तेल, पुढच्या बाजाराला चहापत्ती. छोटे पाकीट घ्यावे की मोठे, हा प्रश्न पाकिटावर छापलेल्या ग्रॅममागच्या किंवा किलोमागच्या भावाने सुटतो. तो छापणे आता बंधनकारक आहे. छोटे पाकीट दरवेळी महागच असते असे नाही. शाम्पूच्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.

या उदाहरणात मेस आणि वरचे खाणे मिळून महिन्याला जवळपास ४,५०० रुपये होतात, म्हणजे एकूण ९,५०० पैकी साधारण ४७ टक्के. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतातल्या घरांचा खाण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ४७ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि शहरी घरांचा ४० टक्क्यांच्या जवळ. उत्पन्न कमी असले की त्यातला मोठा वाटा अन्नावर जातो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते. पेठेतला विद्यार्थी शहरात राहतो, पण त्याचा हिशेब गावाकडच्या घरासारखाच असतो. त्याच पाहणीत खाण्याच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा निघाला, गावांतही आणि शहरांतही. घराबाहेर राहणाऱ्याच्या हिशेबात सगळ्यात आधी तपासायची जागा तीच.

मेसच्या पैशांत एक बचत दडलेली असते, तिचे नाव खाडा. जेवायला न आलेल्या दिवसाचे पैसे कापून मिळतात, पण त्याचे नियम प्रत्येक मेसचे वेगळे असतात. बहुतेक ठिकाणी सलग दोन-तीन दिवसांचा खाडा आधी सांगितला तरच धरतात. एखाद्या दिवसाचा किंवा न सांगता झालेला धरत नाहीत. मेस लावतानाच हे विचारून घ्यावे. दिवाळीला, गणपतीला गावी जाताना आदल्या दिवशी काउंटरवर नाव लिहायला विसरले, की पाच-सहा दिवसांचे, म्हणजे पाचशे-सहाशे रुपये गेले. तेवढ्यात एका आठवड्याहून अधिक वरखर्च निघतो.

तिघे-चौघे मिळून फ्लॅट घेतात आणि स्वयंपाक करतात, त्यांचा हिशेब थोडा वेगळा असतो. तिथे दर आठवड्याला कॉन्ट्री काढून एका डब्यात ठेवतात, आणि त्या आठवड्याचा बाजार एकाच्या अंगावर असतो. गॅस जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याने राहणाऱ्यांकडे तो बऱ्याचदा नसतो, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो तो घेतात. फ्रिज नसेल तर भाजीचा क्रम महत्त्वाचा. मेथी, पालक, शेपू पहिल्या दोन दिवसांत संपवायची. मग वांगी, गवार, भेंडी. पुढे कोबी, दुधी. आणि कांदे-बटाटे, मोडाची कडधान्ये शेवटच्या दोन दिवसांना. हा क्रम चुकला की बुधवारी पालेभाजी कचऱ्यात जाते आणि शनिवारी बाहेरून पार्सल येते. बाजारात उशिरा, अंधार पडता पडता गेले की भाव उतरतात. विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो, टोमॅटोचे वाटे लावलेले असतात, आणि दहा रुपयांच्या वाट्यात मूठभर जास्त मिळते. थोडा दबलेला टोमॅटो त्याच रात्रीच्या आमटीत घातला की काम भागते. डब्यातल्या कॉन्ट्रीवरून भांडणे होतात ती बहुधा न जेवलेल्या दिवसांवरून. कोण किती दिवस जेवला याची भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली की ती मिटतात.

पैसा कुठे गेला हे न कळण्याचे आताचे मोठे कारण मोबाइल आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले तेव्हापासून दहा रुपयांचा चहाही स्कॅन करून घेतला जातो. रोख असताना पाकिटातली शेवटची नोट दिसायची. आता खात्यात मेसचे, भाड्याचे आणि चहाचे पैसे एकत्र असतात, आणि शिल्लक नेहमी खऱ्यापेक्षा मोठी दिसते. यावर यूपीआय लाइटचा चांगला उपयोग होतो. त्यात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी १,००० पर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो. रविवारी संध्याकाळी ४२० रुपये त्यात भरायचे, आपोआप भरण्याची सोय बंद ठेवायची, आणि आठवडाभर त्यातूनच खर्च करायचा. गुरुवारी ९० दिसले तर ते खरोखर ९० असतात. ज्यांना मोबाइलवर विश्वास नाही त्यांनी ४२० रुपये सुट्टे करून एका पाकिटात ठेवावेत, परिणाम तोच. वहीत लिहायचे तेही एवढेच: रोज रात्री एक ओळ, तारीख आणि रक्कम, आणि समोर ‘खाणे’ किंवा ‘इतर’. यापेक्षा बारीक कप्पे केले की दोन आठवड्यांत वही बंद पडते.

आठवडा फसतोच कधीतरी. आजारपण येते, चष्मा फुटतो, मित्राची बहीण हॉस्पिटलमध्ये असते आणि रिक्षाने जावे लागते. तेव्हा कमी काय करायचे याचा क्रम आधीच ठरलेला असावा. आधी तिसरा चहा आणि बाहेरचा नाश्ता, मग झेरॉक्स, मग पुढच्या आठवड्यातली न अडणारी खरेदी. हरभरे-शेंगदाणे आणि मेस यांना हात लावायचा नाही. एका आठवड्यात शंभर रुपये जास्त गेले, तर पुढच्या दोन आठवड्यांत पन्नास-पन्नास कमी करून ते भरून निघतात. महिन्याने मोजणाऱ्याला हे महिना संपल्यावर कळते, तेव्हा कमी करायला दिवसच उरलेले नसतात. उसने घ्यावेच लागले तर खोलीतल्या मित्राकडून घ्यावे किंवा मेसवाल्या काकांना सांगून चार दिवसांची मुदत मागावी, मुदत बहुतेक मिळते. व्याजाने मात्र घेऊ नये. ‘शेकडा पाच’ हा दर ऐकायला लहान असतो, पण तो महिन्याचा असतो, वर्षाचे साठ टक्के होतात. मोबाइलवरच्या झटपट कर्जात तर शुल्क आधीच कापून घेतात, हातात पडते त्याहून जास्त रकमेवर व्याज चालू होते.

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांची अडचण उलटी असते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत तिची वार्षिक रक्कम ६०,००० रुपये ठरवली गेली: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. भोजनाची रक्कम ५२ आठवड्यांत वाटली तर आठवड्याला साधारण ६१५ रुपये येतात. पण ती आठवड्याला येत नाही, हप्त्याने येते, आणि येईपर्यंत मेसचे, किराणावाल्याचे, मित्रांचे देणे साचलेले असते. हप्ता जमा झाला की त्याच दिवशी आधी मेसची बाकी आणि मित्रांचे उसने फेडावे. मग पुढचा हप्ता यायला किती आठवडे लागतील याचा अंदाज करावा, त्यात चार आठवडे उशिराचे मिळवावेत, आणि उरलेल्या रकमेला त्या आकड्याने भागावे. येणारा आकडा लहान असतो. तेवढेच दर रविवारी काढायचे, आणि बाकीची रक्कम रोजच्या यूपीआयला न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात, पोस्टातल्या खात्यात म्हटले तरी चालेल, ठेवायची.